चोपन्न पायऱ्या आणि चार बाटल्या

१ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
या घरात आलो त्या दिवशी मी आणि वन्सं गादीची वळकटी दोन टोकांना धरून तिसऱ्या मजल्यावर आणत होतो. जिन्याच्या वळणावर ती अडकली. वर वन्सं, खाली मी, मध्ये गादी. हे रस्त्यावर टेंपोवाल्याशी बोलत उभे. आम्ही दोघी गादीला टेकून इतक्या हसलो की शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं. एकतीस वर्षं झाली. हे जाऊन नऊ. आता घरात आम्ही नणंद-भावजय आणि माझे दोन गुडघे.
लेक आली होती. म्हणाली, आई, तिसरा मजला आता पुरे, माझ्याकडे चल, खालची खोली रिकामी आहे. खोली एकीपुरती. वन्संनी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे जायचं, परगावी. सगळं ठरवूनच आली होती.
मी सांगितलं, एक महिना दे. १ मार्चला तुझ्यासमोर खाली उतरते आणि न थांबता वर येते. आले तर हा विषय बंद.
चोपन्न पायऱ्या. त्यात काय मोठंसं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
डॉक्टरांना फोन करून सांध्यांच्या गोळ्यांबद्दल विचारलं. म्हणाले, या गोळ्यांनी काहींना बरं वाटतं, काहींना काहीच होत नाही, खात्रीने सांगता येत नाही. तुम्हाला अपाय मात्र होणार नाही. मांड्यांचे व्यायाम करा आणि चाला. म्हणजे संमतीच झाली.
वन्संनी औषधांच्या दुकानातून सगळं आणून दिलं. सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन. सुजेसाठी फिश ऑइल. झोपेसाठी मॅग्नेशियम. व्यायामानंतरच्या रिकव्हरीसाठी पावडरची बाटली, व्हॅनिला.
वन्सं म्हणाल्या, कपाटात साड्यांना जागा ठेव हो.

४ फेब्रुवारी, बुधवार
आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सायन्सच्या सिस्टर वहीत दोन रकाने आखायला लावत. डावीकडे ऑब्झर्व्हेशन, उजवीकडे इन्फरन्स, म्हणजे निष्कर्ष. तसंच करायचं.
ऑब्झर्व्हेशन: फिश ऑइलचे ढेकर येतात.
इन्फरन्स: अंगी लागतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार
मॅग्नेशियमने छान झोप लागली. दुपारी. रात्री नाही. शरीराला वेळा कळायला थोडे दिवस लागणारच.

१० फेब्रुवारी, मंगळवार
व्यायाम सुरू. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. वीस वेळा करायचं असतं. तीन वेळा केलं. मग पावडर घेऊन तासभर आडवी झाले, रिकव्हरीला.
वन्सं भाजीची पिशवी ठेवत म्हणाल्या, कशातून रिकव्हर होतेस गं? तीनदा तर पाय उचललास.
त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. सायन्स नव्हतं. मी मनाला लावून घेत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ऑब्झर्व्हेशन: अकरा दिवसांत जिन्यात गुडघा एकदाही दुखला नाही.
(अकरा दिवसांत मी खाली उतरले नाही. वन्संच जातात. पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.)
इन्फरन्स: सत्तर टक्के सुधारणा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
आज जिन्याची तालीम करणार होते. आभाळ आलं होतं. आभाळात सांधे धरतात हे सर्वांना माहीत आहे.
वन्संना यायला उशीर झाला. विचारलं, दुकान दोन पावलांवर आणि पाऊण तास? म्हणाल्या, बायका भेटल्या, गप्पा झाल्या. या वयात किती ती गप्पांची हौस.
व्यायाम उद्यापासून नक्की.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पावडर संपली. वन्संना आता डबाच आणायला सांगितलं. मोठा, किलोचा. तो परवडतो.
त्यांनी चपला घातल्या. हल्ली फार कमी बोलतात. बहिणीकडे जावं लागेल म्हणून धास्तावल्या असतील. मी म्हटलं, वन्सं, काळजी करू नका, मी आहे ना. त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार
तयारी पूर्ण. चारहींचा डबल डोस. पोट बिघडलं, पण गुडघे हलके वाटतात.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६
खाली उतरले. कठडा धरला होता, पण फक्त आधारासाठी. वर येताना पहिल्या अठरा उत्तम. लेक मागे, मोजत. एकतिसाव्या पायरीवर उजवा गुडघा म्हणाला, बस. मी बसले.
वरून वन्सं घडीची खुर्ची घेऊन निघाल्या. माझ्यापर्यंत आल्या, खुर्ची भिंतीला टेकवली आणि कठडा धरून हळूहळू माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. पाय थरथरत होते. मला वाटलं, माझ्या काळजीने.
म्हणाल्या, मी रोज इथेच बसते. भाजी आणताना, दूध आणताना. तू वर डायरी लिहीत असतेस. आणि तुझा तो डबा किलोचा आहे.
मी विचारलं, बोलला का नाहीत?
म्हणाल्या, बोलले असते तर तुझी लेक महिनाभरसुद्धा थांबली नसती.
लेक म्हणाली, आत्या, तूच म्हणालीस ना की मला धाकटीकडे करमेल? वन्सं म्हणाल्या, म्हणायला काय लागतं.
लेकही आमच्या खालच्या पायरीवर बसली. मग लेक म्हणाली, खोलीत दोन कॉट मावतील. पण मग दुसरं काही मावणार नाही.
ऑब्झर्व्हेशन लिहायचं राहू दे आज.

३ मार्च, मंगळवार
घर सोडताना काय कुणाला द्यायचं ते वन्संनी सांगितलं, मी लिहिलं.
शिलाई मशीन पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या सुनेला. पट्टा नवीन आहे हे सांगायचं.
जेवणाचं टेबल औषधवाल्याला, त्याने मागितलं होतं. चारही खुर्च्यांसकट.
वन्संचं लोखंडी कपाट समोरच्या इस्त्रीवाल्याला. उतरवून नेणार असेल तरच.
इंग्रजी पुस्तकं माझ्या शाळेला. आतली नावं खोडायची नाहीत.
यांचा कोट जावयांना. होणार नाही, तरी द्यायचा.
पावडरीचा डबा लेकीला, ती पळायला जाते. खाली तिनेच न्यावा.
फिश ऑइल ज्याला हवं त्याला.
बाथरूमजवळची कॉट वन्संना. पलीकडची मला. तिथून बाथरूमपर्यंत बारा पावलं पडतात, लेकीकडून मोजून घेतली. जमतील. म्हणून ग्लुकोसामाइन आणि मॅग्नेशियम कुणालाच द्यायचं नाही.