खंड वाहतात म्हणजे नेमकं काय

आई, बोंबील साफ करताना तू फारशी बोलायची नाहीस, म्हणून मी तीच वेळ साधली होती. गिरगावच्या याच स्वयंपाकघरात तू विळीवर बसलेली आहेस आणि मी शाळेत बक्षीस मिळालेला अॅटलास कापून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका तुझ्यासमोर लादीवर जुळवते आहे. ही दोन्ही एकेकाळी एकच जमीन होती, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी सांगितलं होतं. तू आधी कापलेल्या पुस्तकाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "कापून बसवलं की काहीही बसतं, बाय. नुसत्या कडा जुळून काय होतंय? साडी फाटली तर वेलबुट्टी जुळते का ते बघतात." आणि पुढच्या बोंबलाचं डोकं उडवलंस. परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवणारी बाई तू. स्वतःच्या मुलीला एकदा तरी शाबास म्हणायला काय जात होतं?

मग कॉलेज संपेपर्यंत मी वेलबुट्टी शोधत राहिले. विदर्भातल्या कोळशाच्या थरांत सापडतो तो जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखालीही सापडतो, हे मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, वाऱ्याने बी गेलं असेल. बी जड होतं, म्हटलं. मग ब्राझील आणि आफ्रिका दोन्हीकडे सापडलेला, सरड्यासारखा एक लहानसा प्राणी घेऊन आले. अख्खा समुद्र पोहून जाणं त्याला शक्य नव्हतं. तुझं उत्तर तयार होतं, मध्ये जमिनीचा पूल असेल, बुडाला असेल. चंद्रपूरकडे नदीकाठी बर्फाने ओरखडलेले खडक आहेत, ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात तिथे, हे ऐकल्यावर मात्र तू हातातलं काम बाजूला ठेवलंस. मला वाटलं, जिंकले. पण तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "तुमच्या इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणतात, आमच्या पुस्तकात खंडवहन. हे वाहणं कुठलं गो? नदी वाहते ते, की हमाल वाहतो ते? नदीसारखं असेल तर उतार दाखव. हमालासारखं असेल तर हमाल दाखव."

त्या दिवशी मी न जेवता उठले होते. इंग्रजीत हा प्रश्न पडतच नाही. तिथे वस्तू आपली आपण भरकटते आणि कोणी तिला जाब विचारत नाही. पुढे वाचलं की मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत कित्येक वर्षं नेमक्या याच कारणासाठी झिडकारला होता. पुरावे सगळे होते, फक्त खंडांना ढकलतं कोण हे कुणाला सांगता येत नव्हतं. तेव्हा तर मला तुझा आणखीच राग आला. तुझं उत्तर चुकीचं होतं आणि प्रश्न बरोबर होता. अशा माणसाशी भांडायचं कसं? समुद्राच्या तळाशी मधोमध एक लांबच लांब डोंगररांग आहे, तिथे खालून तप्त रस वर येऊन थिजतो, थिजताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतो, ती दिशा अधूनमधून उलटते, आणि रांगेच्या दोन्ही बाजूंना तेच पट्टे त्याच क्रमाने आढळतात. साडीचे दोन काठ असावेत तसे. ही तुझी वेलबुट्टी मी तुला सांगायला आले तेव्हा तू इस्पितळात होतीस. मी पट्ट्यांपर्यंत पोचले आणि तू म्हणालीस, मोसंब्याच्या रसात या लोकांनी साखर घातलीय. पुढचं ऐकायला तू राहिली नाहीस.

आता मुलाचं ऐक. तो ऑस्ट्रेलियात असतो हे तुला ठाऊक नाही, कारण तो तू गेल्यावर जन्मला. हे गेल्यापासून दर रविवारी फोनवर एकच पालुपद, एकटी कशाला राहतेस. परवा तर तिकीटच पाठवून दिलं. "आई, तू नुसती विमानात बस, बाकी सगळं मी बघतो." म्हणजे हमाल सापडला. मी जरा कुरकुरले तर हसून म्हणतो, तूच सांगायचीस ना की भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी चिकटलेले होते, मग आता एवढं काय? माझेच पुरावे माझ्याच अंगावर. आणि मी काही उत्तर देणार तोच डोक्यात तुझं सुरू होतं, चिकटलेले होते हे खरं, पण तिथे तुझा जीव रमेल याला पुरावा काय? माझं वय काय, तू जाऊन वर्षं किती झाली, अजून मला घरातला निर्णय तुला विचारून घ्यावा लागतो. खरं सांगायचं तर तुझ्या हमालाचा पत्ताही आता बराचसा लागलाय. पृथ्वीच्या कवचाच्या भल्यामोठ्या तुकड्याची समुद्राखालची सर्वांत जुनी, थंड, जड झालेली कड खाली खोल बुडते आणि वरचा अख्खा तुकडा, खंडासकट, आपल्यामागे ओढत राहते. जे खाली गेलंय तेच ओढतं. हे तुला फार आवडलं असतं, म्हणूनच इतके दिवस सांगायचं टाळत होते.

सामान वाटून टाक, असं मुलाने बजावलंय, तर वाटते आहे. पाटा-वरवंटा शेजारच्या वहिनींना, त्यांना मिक्सरमधलं वाटण चालत नाही. पितळी घंगाळ तुझ्या धाकट्या लेकीला, मात्र तिने ते विकायचं नाही, त्यात झाडही लावायचं नाही. तुझ्या दोन इरकली भाचीला, ती निदान नेसेल. शिलाई मशीन खोताच्या वाडीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीला, तिच्याकडे ते चालेल तरी. मोठी बॅग मुलाला. तिच्यात त्याच्या बाबांचे स्वेटर आणि मी शिवलेली गोधडी घातली आहे, भाचीच्या नवऱ्याची तिकडे खेप आहे, तो नेईल. गॅस, पलंग, दोन पातेली आणि तवा कुणालाच नाही. तिकीट मी काल रद्द केलं. मुलाला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते आहे.