दोन बोटं कमी

१२ जानेवारी १९९७, बरका

पिस्तूल! माझ्या कापायच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर! आणि एक नाही, दोन!

माझं जुनं गिऱ्हाईक हसनचाचा आत आले ते दाराला कडी घालूनच. खिशातून रुमाल काढला, रुमालातून ही दोन पिल्लं. तळहातावर मावतील एवढीच. "डरो मत, खाली है," म्हणाले आणि उघडून दाखवली. एक दोननळी. नळीवर नळी, बिजागरीवर उघडते. त्यांच्या वडिलांनी झांजिबारहून आणलेली. दुसरं चिमुकलं रिव्हॉल्वर, चाचांनी फौजेत असताना स्वतः घेतलेलं. दोन्हींचा परवाना आहे म्हणे. असेल! माझ्याकडे तर व्हिसाच आहे फक्त.

ईदच्या नव्या दिशदाशाला, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्याला, आतून चोरखिसा हवाय. "हाथ बाहर आने तक किसी को दिखना नहीं चाहिए."

दोन्हींपैकी कुठलं घेऊन जायचं ते त्यांचं ठरलेलं नाही. मी दोन्हींची मापं घेतली.

१४ जानेवारी

रोजे चालू आहेत. दुपारभर बाजार बंद, मी आत मशीनवर. माझा जोडीदार शिंपी सिराज सलालाहला गेल्यापासून त्याच्या मशीनवर चादर टाकून ठेवली आहे. सकाळपासून एक शब्द बोललो नव्हतो. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तर आवाजच फुटेना. खाकरावं लागलं!

१७ जानेवारी

चाचा इफ्तारनंतर आले. जुन्या दिशदाशाला दोन कच्चे खिसे लावून ठेवले होते, ते घालून पाहिलं.

रिव्हॉल्वर हलकं. पांढरं पातळ कापड, तरी कुठे ओढ नाही. फक्त गोळ्यांच्या चक्राचा गोल फुगवटा दिसतो, त्याला दुहेरी अस्तर लावलं की झालं. दोननळी चपटी, पण जड. त्या बाजूचा सगळा घेर खाली ओढते, चाचा एका खांद्याने वाकलेले वाटतात. वर तिचा घोडा अस्तरात अडकतो. शिंप्याला विचाराल तर रिव्हॉल्वरच घ्यावं. तसं सांगितलंही.

रिव्हॉल्वरला अरबीत मुसद्दस म्हणतात, म्हणजे सहाचं. यात घरं पाचच! "चाचा, एक कुठे गेलं?" म्हटलं. किती हसले! मी कुणाला हसवलं, त्याला किती महिने झाले असतील.

मग दोननळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "इसको छोड़ने का दिल नहीं करता," म्हणाले. रिव्हॉल्वर बरं, मी पुन्हा सांगितलं. "तेरे को नहीं समझेगा, अहसन."

अहसन म्हणजे मी. इथे सगळ्यांसाठी मी नुसता खय्यात — शिंपी. ए खय्यात, यल्ला खय्यात! एकट्या चाचांनी एकदा नाव विचारलं. उत्तम म्हटल्यावर अर्थ विचारला. सांगितला, तर टाळी दिली. "मैं हसन, मतलब अच्छा. तू अहसन, मेरे से भी अच्छा!" तेव्हापासून तेच नाव. बायको गेल्यावर ते आपल्या खजुराच्या बागेत एकटेच राहतात. बटण तुटलं म्हणून येतात, तासभर बसतात. बटण त्यांनीच तोडलेलं असतं, मला कळतं. मीही ते सावकाश लावतो.

२३ जानेवारी

आज न विचारताच सगळं सांगितलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

खलफान म्हणून त्यांचा धाकटा भाऊ आहे, पलीकडच्या वस्तीत. वडील गेले तेव्हा तो दोननळी मागत होता. बाबांनी ती त्याला कबूल केली होती म्हणे. चाचांनी दिली नाही. त्यावरून हातघाई झाली, तेव्हापासून सलामसुद्धा बंद. यंदा ईदच्या सकाळी चाचा त्याच्या घरी जाणार. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

"इस ईद को बात खलास," म्हणाले. आणि दोननळीवर हात ठेवला. "खलफान के लिए यही."

खलास काय, इथे दिवसभर ऐकतो. दोरा खलास, काम खलास, रोजा खलास. मला काय कळत नाही? पण आपल्या भाषेत माणूसही खलास होतो. आणि शहाणा माणूस पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्वर सोडून ते जड धूड का नेईल? भांडण जिच्यावरून झालं तिनेच संपवायचं, असंच ना? दुसरं काय!

२४ जानेवारी

सिराजला सलालाहला फोन केला. रत्नागिरीचा माणूस, माझ्यापेक्षा व्यवहारी. म्हणाला, "उत्तम, गप ऱ्हा. भावाभावांत तू कशाला पडतोस? पोलिसात गेलास तर चाचाला जेल आणि तुला विमान."

खिसा शिवत नाही म्हणावं, तर ते दुसऱ्याकडून शिवून घेतील.

खरं लिहितो. तुरुंग म्हटल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं? ते तुरुंगात गेले तर माझ्याकडे कोण येणार! खलफानचा जीव मला नंतर आठवला. एवढा एकटा पडलोय मी.

२८ जानेवारी

गावी बायकोला, रेखाला फोन. "जेवलात?" "हो." "थंडी आहे?" "नाही फारशी." तिला सांगणार होतो. पण बूथवर मागे रांग, शिवाय पिस्तूल म्हटलं की तिने तिकडे रडून गाव गोळा केलं असतं. "बरं मग," ती म्हणाली. बरं मग!

२ फेब्रुवारी

सुचलं! मशीनवर बसल्या बसल्या सुचलं.

खिसा शिवायचा, मापात शिवायचा. फक्त तोंड दोन बोटं कमी ठेवायचं. नुसतं पिस्तूल सरळ आत जाईल. पण त्याच्याभोवती मूठ आवळली की मूठ बाहेर येणार नाही. दोऱ्याच्या मोठ्या रिळावर करून पाहिलं. रीळ गेलं, मूठ अडकली. तोंडाला तिहेरी टीप मारली. हिसडा दिला तरी उसवणार नाही.

कुणाला सांगायला नको, कुणाशी भांडायला नको. तेवढ्यात कुणीतरी धरेल त्यांना. मग त्यांचाच राग उतरेल. जुना राग असा किती वेळ टिकतो?

७ फेब्रुवारी

दिशदाशा नेला. घालून बघा, असं मी म्हटलंच नाही. त्यांनीच हात झटकला. "तूने सिया ना, अहसन? बस." गळ्याच्या गोंड्याला अत्तर लावून वास घेतला, लहान मुलासारखे खूश!

दारातून परत वळले. "ईद के दूसरे दिन मेरे घर खाना. अकेला मत बैठ."

इतक्या वर्षांत मला इथे जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. मान वर करून त्यांच्याकडे बघता आलं नाही.

१० फेब्रुवारी

ईद. दुकान बंद. कान रस्त्याकडे.

११ फेब्रुवारी

वाचला! खलफान वाचला!

बेकरीवाल्या इक्बालने सांगितलं, साऱ्या बरकात तेच चाललंय. हसन भावाच्या मजलिसमध्ये गेले, गळाभेट झाली, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मग त्यांनी आत हात घातला आणि तो बाहेर येईना. ओढतायत, ओढतायत. कापडातून नळीचा आकार दिसला. पुतण्यांनी झडप घातली, हात पिरगाळला, खाली पाडलं. खलफान ओरडला, ईदच्या दिवशी माझ्या घरात मला मारायला आलास! पोलीस आले. पिस्तुलात गोळी नव्हती, परवाना होता, म्हणून सोडलं.

गोळी नव्हती? घाईत राहिली असेल.

माझ्या दोन बोटांनी एक माणूस वाचवला! कुणाला सांगू? सिराजचा फोन लागला नाही. धुतलेला शर्ट घालून संध्याकाळपर्यंत बसलो. जेवायला बोलवायला कुणी आलं नाही. कसे येतील म्हणा.

१४ फेब्रुवारी

चाचा आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने दिशदाशा टेबलावर ठेवला, वर दोननळी. तिच्या मुठीला चांदीची नवीकोरी पट्टी, त्यावर अरबी अक्षरं. मला अरबी अडखळत वाचता येतं, गिऱ्हाइकांच्या पावत्यांवरून शिकलेलं. पट्टीवर लिहिलं होतं: 'खलफानला, भावाकडून.'

"जेब छोटा हो गया, खय्यात," म्हणाले.

अहसन म्हणाले नाहीत.