मच्छिंद्रच्या रुळांवरून

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोल्हारला जाऊन आलो. प्रवरेच्या घाटावर मच्छिंद्रचा दहावा. माणसं बरीच. पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. भावकीनं सगळं बोलून पाहिलं. पोरीचं शिक्षण पुरं करू, विहिरीवरची मोटर बदलू, बायकोला, छबूबाईंना, एकटं पडू देणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर, जागचे हलेनात. शेवटी मी मागं उभ्या उभ्या मनात म्हटलं, मच्छिंद्र, कोल्हार परत देतो. लगेच एक खाली आला आणि शिवला.
योगायोग. ऊन वाढलं होतं, कावळ्याला भूक लागली असणार.

३ फेब्रुवारी
नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यात घोळ राहणार नाही.
मी आणि मच्छिंद्र तीस वर्षं एकाच एसटी डेपोत. तो ड्रायव्हर, मी कंट्रोलर. मला सगळे रंभाजीसाहेब म्हणायचे, तो एकटा रंभा. रिटायर झाल्यावर दोघं मोबाईलवर लढाईचा एक गेम खेळायला लागलो. आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची, दिवसाला एक. नकाशा, शहरं, सैन्य, रूळ. शहरांना नावं आपल्याकडचीच दिली. माझी सावेडी, भिंगार, केडगाव. त्याची कोल्हार, बेलापूर, राहाता. रुळांवरून सैन्य एका चालीत कुठंही पोचतं. आमचा तह होता, म्हणून त्यानं त्याचे रूळ माझ्या रुळांना जोडून दिले होते.
१८ जानेवारीला तो अ‍ॅडमिट झाला. १९ला मी त्याच्याच रुळांवरून सैन्य नेलं आणि कोल्हार घेतलं. त्याची राजधानी. आत एक पथक नव्हतं. सगळं सैन्य पार बेलापूरला, तिकडच्या लुटारूंसाठी लावलेलं.
याला विश्वासघात म्हणत नाहीत. गेम आहे. तो आजारी आहे हे गेमला कुठं माहीत होतं?
आणि मनात बोललेलं म्हणजे काही लेखी करार नव्हे. शिवाय परत द्यायला समोर कोणी पाहिजे ना. विषय संपला.

५ फेब्रुवारी, दुपारी ४.०५
मच्छिंद्रची चाल आली.
मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. चहा घेतला. परत पाहिलं. 'मच्छिंद्र यांनी चाल पूर्ण केली. आता तुमची चाल.'
बीपीची सकाळची गोळी राहिली होती, ती घेतली.

६ फेब्रुवारी
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सर्व्हरमध्ये जुनी चाल अडकली असणार, ती सुटली. निश्चिंत मनानं माझी चाल केली.
चार वाजता त्याची आली. दोन अडकल्या असतील.

९ फेब्रुवारी
रोज चारला. बेलापूरला त्याची पथकं बावीस होती, आज सत्तावीस. रोज एक वाढतं. हालचाल मात्र शून्य. मच्छिंद्र असा नव्हता. गाडी फलाटाला लावली की टायरला लाथा मारत फिरायचा, एका जागी ठरायचा नाही. हा शांतपणा मला आवडलेला नाही.
आजपासून संरक्षण हाती घेतलं. दर शहरात सैन्य बसवून ठेवणं मूर्खपणाचं. सगळं मधोमध सावेडीत राखीव ठेवायचं आणि चहूकडे रूळ टाकायचे. हल्ला कुठंही होवो, एका चालीत हजर. डेपोत राखीव गाड्या अशाच ठेवायचो. तीस वर्षांत एक प्रवासी खोळंबला नाही. दिवाळी सोडून. आणि लग्नसराई.

१५ फेब्रुवारी
रुळांचं जाळं पूर्ण. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छबूबाईंना एक फोन तरी केलात का? म्हटलं, युद्धात आहे मी.

१६ फेब्रुवारी
रूळ, वर उभा असेल त्याला नेतात. कोणाचाही असो. ही गोष्ट माझ्याइतकी कोणाला ठाऊक असायला हवी होती?
बेलापूरपासून सावेडीच्या वेशीपर्यंत सलग रूळ. मीच टाकलेत, सहा दिवस खपून. तो एका चालीत माझ्या दारात.
जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी
चार दिवसांत सगळे रूळ उखडले. आता कोणी येऊ शकत नाही. फार मोकळं वाटतंय.

२२ फेब्रुवारी
माझं राखीव सैन्यही कुठं जाऊ शकत नाही. भिंगारला पोचायला सहा चाली. म्हणून सैन्य फोडून दर शहरात थोडं थोडं बसवणं हाच खरा शहाणपणाचा मार्ग. मी पहिल्यापासून याच मताचा होतो.

२६ फेब्रुवारी
रूळ नाहीत म्हणून धान्य पोचलं नाही. केडगावात उपासमार, मग बंड. केडगाव गेलं. मच्छिंद्रनं एक पाऊल टाकलेलं नाही. त्याची पथकं चव्वेचाळीस. नुसती उभी.
चार वाजायला आले की मोबाईल पालथा ठेवतो. भीती वाटते. लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय. मला मच्छिंद्रची भीती वाटते. तो होता तेव्हा कधी वाटली नाही.

२८ फेब्रुवारी
भिंगारही गेलं. त्याच पद्धतीनं.
निर्णय: उद्या स्वतः कोल्हारला जायचं, खऱ्या. बायको सोबत येते म्हणाली. टेहळणीला एकट्यानंच जायचं असतं, असं सांगितलं.

१ मार्च
गेलो. छबूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. पाणी दिलं, डोळे पुसले, तब्येत विचारली. माझी. चार वाजता उठल्या, कपाटातून मच्छिंद्रचा मोबाईल काढला, चष्मा लावला, एक बटन दाबलं आणि मोबाईल परत ठेवला.
माझ्या खिशात टिंगकन वाजलं.
मी विचारलं, वहिनी, हे काय?
"दवाखान्यात नेताना सांगून गेले. रोज चार वाजता हिरवं बटन दाबायचं, मी माघारी आलो न्हाई तरी. वीस दिस दाबलं न्हाई तर डाव मोडतो, आन रंभा एकटा पडंल. तेरावा होईपतूर म्या हात लावला न्हाई. मंग रोज दाबती."
बाकी त्यांना काही येत नाही. शहरं आपोआप रोज एक पथक बनवतात, ते तिथंच उभं राहतं. बस, एवढंच.
मग मी, हवापाण्याचं विचारावं तसं, विचारलं की मच्छिंद्रनं सगळं सैन्य बेलापूरला का लावलं होतं.
"म्या पन इचारलं हुतं, कोल्हार मोकळं ठिवलंय, कोनी आलं मंजी? म्हनले, त्या अंगानं फक्त रंभाचे रूळ येत्यात."
मी लसणाच्या पाकळ्या पाहत बसलो.
"मला त्यातलं कळत न्हाई, भावजी. आपलं कोल्हार बरं हाय ना?"
"बरं आहे," मी म्हटलं.
साडेपाचच्या गाडीनं परत आलो. खिडकीची जागा मिळूनही बाहेर पाहिलं नाही. फार लाज वाटली.

२ मार्च
साधा उपाय आहे. गेममध्ये 'शहर परत द्या' अशी सोय आहे. दिलं. समोरच्यानं निळं बटन दाबून ते स्वीकारायचं असतं. एका दिवसात नाही स्वीकारलं तर शहर परत आपल्याकडे.
चार वाजता चाल आली. हिरव्या बटनाची.

४ मार्च
छबूबाईंना फोन केला. एवढंच सांगायचं होतं, उद्या आधी निळं दाबा. मग त्या विचारणार, काय आलंय? मग मी सांगणार, कोल्हार. मग त्या विचारणार, तुमच्याकडं कसं गेलं?
गहू कधी काढणार ते विचारून फोन ठेवला. उद्या सविस्तर बोलतो.

७ मार्च
आज बोलणारच होतो. रेंज नव्हती. दोन वेळा तरी नव्हती.

९ मार्च
बंड करून सावेडीही गेली. आता माझ्याकडे एकच शहर उरलंय. सकाळी ते परत देऊ केलं. चार वाजता तिकडून हिरवं बटन आलं.
कोल्हार माझ्याकडेच आहे.