घरामागचे तळे कुणाचे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आहे, चष्मा लावून स्वतःच्या हाताने लिहीत आहे आणि मला कुणीही भरीस घातलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून माझ्या डोक्याबद्दल शंका घेतली जाईल.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलास.

२. माझी पुस्तके वाचनालयास. मी चौथीत शाळा सोडली. पुढचे सगळे तिथल्या बाईंनी वाचायला दिले. बेडकांवरच्या पुस्तकाला चिखल लागला आहे, तो असू द्यावा.

३. यांचे गमबूट धाकट्या दिरांना. "वहिनी, लोक तळी बुजवून बंगले बांधतात, तुमचं उलटंच काय चाललंय?" असे ते दर रविवारी आमचा चहा पीत विचारायचे. फावड्याला कधी हात लावला नाही. बूट मी धुतलेले नाहीत.

४. घरामागची जागा, तळ्यासह, ज्याला सगळे थापी म्हणतात त्या गवंड्यास. फाटकातून तळ्यापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क त्याला कायम राहील.

कारण लिहिणे भाग आहे. आधीच्या मालकाने ते तळे राडारोडा टाकून बुजवले होते. हे प्लंबर. जन्मभर लोकांच्या घरातले गळणारे पाणी थांबवले आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता जरा साठू देऊ." चार वर्षे आम्ही दोघांनी विटा आणि काँक्रीट उपसले. पाचव्या वर्षी बेडूक आपणहून आले, मग चतुर, मग एक पाणसाप.

हे इस्पितळात असताना मुलाने तळ्याला चारही बाजूंनी सिमेंटचा उभा, गुळगुळीत गिलावा करून घेतला. "बाबा, बघा, कसं चकाचक!" आत उतरलेल्या बेडकांना वर चढता येईना. पोहून पोहून दमले आणि बुडाले. घरी आल्यावर यांनी ते पाहिले. मुलाला म्हणाले, "छान केलंस हो." मला म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस, हौसेनं केलंय." त्यानंतर अकराव्या दिवशी हे गेले.

गवंडी विसरलेला ओळंबा न्यायला आला. पाण्याकडे बघत म्हणाला, "काकू, हे माझ्या हातनं झालं?" एक फळी पाण्यात तिरकी टाकून गेला. सकाळी घण घेऊन आला, एक बाजू फोडली आणि मातीचा उतार करून दिला.

तळे का फोडले, हे मुलाने कधी विचारले नाही. तिथे दोन गाड्या मावतील का, हे विचारले.

यांना दिलेला शब्द मी जिवंत असेपर्यंत पाळला. हे कागद त्यानंतरचे आहेत.

५. तळ्यात मासे सोडू नयेत, ते बेडकांची पिल्ले खातात. उन्हाळ्यात आटले तर आटू द्यावे, टँकर बोलावू नये.

६. मुलाच्या झोपायच्या खोलीची खिडकी तळ्यावरच उघडते. पावसाळ्यात बेडूक रात्रभर ओरडतात. त्याबाबत मी कोणतीही तरतूद केलेली नाही.

सही

आमच्यासमोर सही केली, कागद तिने आम्हाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला :
१. वाचनालयातल्या बाई (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ४ फेब्रुवारी