हॉलमधल्या हिप-हॉपवर माझी पाळत

३ जून
कॉलनीचा हॉल एका संस्थेला दिलाय. वस्त्यावस्त्यांत जाऊन हिप-हॉप शिकवतात म्हणे. रॅप, नाच, भिंतीवर चित्रं. तेही फुकट! फुकट कोण काय देतं? माजी सेक्रेटरी म्हणून लोक अजून सगळं मलाच विचारतात. या वेळी विसरले. उद्यापासून पाळत. गुप्त.

४ जून, सायं. ५.१०
खिडकीआडून पाहणी. शिकवणारी पोरगी, अर्धे केस निळे. "काका, आत या की, उन्हात का उभे?" म्हणाली. ट्रेनिंग घेतलेली दिसते. आत गेलो, केवळ विश्वास संपादन करायला. सगळे छातीवर ठोका धरत होते. त्याला 'बीट' म्हणतात. माझाही पाय हलला. मुद्दामच हलवला. संशय नको.

९ जून
कंबर धरली, चार दिवस पाळत बंद. आमची ही रोज पाचला बहिणीकडे जाते. आज मेहुणीचाच फोन: ताई चार दिवस फिरकली नाही! शंकेची पाल चुकचुकली.

१० जून
ही हॉलमध्ये! हातात माईक!
ही लहानपणापासून अडखळत बोलते. बत्तीस वर्षं तिची वाक्यं मीच पुरी करतोय. एकदाही तक्रार नाही. करायला घेतली तरी पुरी मीच करतो. आज ठोक्यावर मात्र घडाघडा बोलत होती. संमोहन. दुसरं काय?
घरी जाब विचारला. "तु-तुम्हाला..." म्हणाली. "सांगायचं राहून गेलं," मी पुरं केलं. तिने मान हलवली. आडवी.

१५ जून
हॉल परत घ्यावा म्हणून अर्ज टाइप केला. सहा मुद्दे. मुद्दा चौथा: सभासदांच्या बायका बदलतात. रविवारी सभा. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर माझ्याच बाजूने. अजून विचारलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

२० जून, रविवार
अर्ज खणखणीत वाचला. सभा चिडीचूप. जिंकलो असं वाटलं.
मग ही उठली. "म-मला..." मी लगेच म्हणालो, "हिला पाणी द्या कुणीतरी."
"बसा," ही म्हणाली. मला! मग मांडीवर बोटांनी ठोका धरला. म्हणाली, "बत्तीस वर्षांत मला कधीच पाणी नको होतं. बोलायचं होतं. क्लास चालू ठेवा."
मध्ये दोनदा अडली. निळ्या केसांची नुसती बघत राहिली. पोस्टमास्तरही. कुणी शब्द पुरवला नाही, सगळे थांबले. थांबलं की तिचं वाक्य तिचं तिलाच सापडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
क्लासच्या बाजूने असाल तर हात वर करा, अध्यक्ष म्हणाले. मी कपाळावरचा घाम पुसायला हात नेला, तेवढ्यात मोजणी झाली.
ठराव एकमताने मंजूर.