तो माठ, ती माठ

अंबरनाथ, मे १९५१, मंगळवार

दादाच्या सदऱ्यावर रक्त आहे आणि ते त्याचं नाही.

आम्ही दोघं भाऊ आज उल्हासनगरच्या कॅम्पात माठ विकायला गेलो होतो. दादा बराकीसमोर ओरडत होता, "माठ घ्या, माठ." आतून एक म्हातारा सिंधी धावत आला. "माठ कर, माठ कर," म्हणाला. दादा हसला. "केलेलाच आहे की शेठ, आणखी काय करू?" आणि माठ पक्का भाजलाय हे दाखवायला त्याने तो टणटण वाजवला. म्हातारा पिसाळला. दादाने आणखी जोरात वाजवला. तेव्हा म्हाताऱ्याने लाथ घातली, माठ फुटले, आणि दादाने कावडीचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही. मी ओढेपर्यंत मारत होता.

मग शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. सिंधीत माठ म्हणजे शांतता. माठ कर, म्हणजे गप्प बस. आपला तो माठ, त्यांची ती माठ. आत म्हाताऱ्याच्या मुलीने नुकताच प्राण सोडला होता.

हिंदीत सांगायला काय झालं होतं त्याला? की अशा वेळी आपलीच भाषा तोंडात येते? दादाही शिव्या मराठीतच देत होता.

आता आई उरलेले माठ वाजवून बघतेय, कुठे तडा गेलाय का. टणटण, टणटण. दादा भिंतीकडे तोंड करून बसलाय. आत्ता हळूच म्हणाला, "आई, माठ कर."

आई म्हणाली, "कोणता?"