मुळ्याची विरळणी

प्रियदर्शनी,

दिवाळीत कडेगावहून आक्काताईचं पत्र आलं होतं. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून ती लिहिते. दाजी गेल्यापासून एकटीला करमत नाही, तुमच्याकडे येऊन राहू का, बसून खाणार नाही, असं तिनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. तू आणि कपिल दिवसभर कुपवाडला राबता. या दोन खोल्यांत आणखी एक म्हातारं माणूस, हे तुला कोणत्या तोंडानं विचारू? म्हणून गच्चीवर कुंड्या मांडल्या. शेतात राबलेल्या तिच्या हाताला काम तयार ठेवावं आणि मग विचारावं, असा बेत होता. पुस्तकात वाचून मुळा पेरला. तो दाट उगवला, पण मधली रोपं उपटून विरळ करायला माझा हात धजला नाही.

काल तू एक मुळा उपटून हसलीस. "आवं आबा, ह्यो मुळा हाय का सुतळी? कडेगावच्या आत्याबाईंनाच आणा इथं. त्यांच्याबिगर तुमची बाग काय जगत न्हाई."

हे थट्टेनं म्हणालीस की मनापासून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी वाचनालयात आहे, अंधार पडायच्या आत येतो. डाळ शिजवून ठेवली आहे. कुंड्यांना पाणी घालू नकोस, सकाळी घातलंय. राग आला तर मला बोल, कपिलला नको. तुला विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून आक्काताईला 'ये' असं लिहून पत्र आधी पेटीत टाकलं, आणि मग ही चिठ्ठी लिहायला बसलो.

आबा